इन्व्हर्टर बदलताना टेंपरेचर सेन्सर काढून टाकायचा?

कॅम्परव्हॅनवाल्यांमध्ये फिरणाऱ्या एका मेसेजचं सार असं: इन्व्हर्टर बदलताना बॅटरीवरच्या टेंपरेचर सेन्सरच्या नादी लागू नका. घरच्या बॅटरीला कुठे असतो? नवा इन्व्हर्टर तापमान स्वतःच ओळखतो. लिथियमला तर बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं तिच्यातलंच सर्किट) असतं. लावायचाच असेल तर जुन्या वायरीला जॉइंट मारा.

घरचं उदाहरण सगळ्यांना पटतं, म्हणून आधी तेच. घरातली ट्यूबलर बॅटरी सावलीत असते. जास्त चार्ज होऊन पाणी आटलं तरी डिस्टिल्ड वॉटर ओतता येतं. गाडीत बऱ्याचदा सीलबंद एजीएम किंवा जेल प्रकारची लेड-ॲसिड बॅटरी असते. तिच्यात ओतणार कुठून? १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशामागे चार्जिंगला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी लागतात. मे महिन्यात नागपुरात बॅटरीचा कप्पा ४५ अंशांवर गेला, की १४.४ ऐवजी जेमतेम १३.९ व्होल्ट पुरे. सेन्सर नसेल तर इन्व्हर्टरमधला चार्जर सहसा २५ अंश धरून चालतो आणि १४.४ देत राहतो. बॅटरी अजून तापते, आतून सुकते.

नवा इन्व्हर्टर तापमान ओळखतो, हे खरं, पण स्वतःचं. आतला सेन्सर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) असतो, पंखा चालू करण्यासाठी. बॅटरी दुसऱ्या कप्प्यात किती तापलीय, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

लिथियमचं अर्धं खरं आहे. बीएमएस आणि चार्जर कॅन केबलने (माहिती पाठवणाऱ्या वायरीने) एकमेकांशी बोलत असतील, तर वेगळा सेन्सर खुशाल काढा. तसं नसेल तर लेहमधली थंडीची रात्र आठवा. शून्याखाली चार्ज केली की लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी कायमची बिघडू शकते. बीएमएस चार्जिंग तोडेल, पण तो शेवटचा बंधारा. आधी चार्जरनेच थांबायला हवं, आणि त्यासाठी त्याला बॅटरीचं तापमान कळायला हवं. मात्र सेटिंगमध्ये तापमानानुसार व्होल्टेज बदलणं शून्यावर ठेवा. नाहीतर ५ अंशांना तोच सेन्सर १४.४ चे १४.९ करून बसेल. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

आता वायर. सेन्सरमधून जाणारा करंट नगण्य, त्यामुळे बारीक वायर चालते. चालत नाही तो कार्बन धरलेला जॉइंट. बरेच सेन्सर १० किलोओहमचे थर्मिस्टर असतात, तापले की रेझिस्टन्स घटतो. ४५ अंशांना तो साडेचार किलोओहमच्या आसपास येतो. खराब जॉइंटने त्यात एक किलोओहम मिसळला, की इन्व्हर्टरला बॅटरी पाचेक अंश थंड वाटते आणि तो जास्त व्होल्टेज देतो. म्हणून जुनी तोडून जोडण्यापेक्षा अखंड वायर ओढावी.

जुना सेन्सर नव्या कंपनीच्या इन्व्हर्टरला चालेलच असंही नाही. काहींत थर्मिस्टरऐवजी सेमीकंडक्टर असतो. त्याची लाल-काळी उलटली तर रीडिंगच चुकतं. फोनसारखी पिन असेल, तर बाजारातली टेलिफोनची वायर बऱ्याचदा दोन टोकांना उलट क्रमाने जोडलेली असते, हे बघून घ्या.

थर्मिस्टर तपासणं सोपं आहे: पिन काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, सेन्सर मुठीत धरा. आकडा खाली सरकला तर तो जिवंत आहे. बसवताना कंपनीने निगेटिव्ह टर्मिनल सांगितलं असेल, तर सेन्सरचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) जाड केबलच्या थिंबलवर ठेवा; टर्मिनल आणि केबलच्या मधे नको. २००० वॉटच्या लोडला तिथून १८० अँपिअरच्या आसपास जातात.