एक्स-रे साफ म्हणजे गाठ जिरली?

आमच्या वऱ्हाडातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. ‘पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात गाठ दिसली म्हणजे आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं. ती गाठ कॅन्सरची असते. जन्मानंतर एक्स-रे साफ आला की गाठ जिरली समजा, पुढे काही करू नका. ऑपरेशन केलं तर लेकरू जन्मभर अधू.’

ग्रहणाचं आधी उरकतो. फुप्फुसाचा अंकुर गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो. पुढे श्वासनळीच्या फांद्या फुटताना कुठेतरी वाढ चुकली की हा दोष राहतो. बहुतेकदा तो घराण्यातूनही येत नाही. विळीचा काही संबंध नाही, सुनेला बोल लावायला निमित्त तेवढं मिळतं.

कॅन्सर म्हणाल, तर सोनोग्राफीत दिसतो तो बहुधा पाण्याच्या पिशव्यांचा पुंजका, ज्याला डॉक्टर सीपॅम म्हणतात. कधी तो श्वासनळीशी न जोडलेला, थेट महाधमनीतून रक्त घेणारा फुप्फुसाचा तुकडा असतो. गर्भाच्या अंगात पाणी साठलं नाही तर अशी बहुतेक बाळं वाचतात आणि चांगली रडत जन्मतात. अगदी क्वचित एखादी गाठ कॅन्सरची निघते, म्हणून तर तपासणी सोडायची नाही.

आणि मेसेज नेमकी तीच सोडायला सांगतो. ऐकायला गोड, म्हणून हे तिसरं वाक्य सगळ्यात घातक. साधारण २८ आठवड्यांनंतर गाठ वाढायची थांबते, बाळ मात्र वाढत राहतं. त्यामुळे शेवटच्या सोनोग्राफीत ती लहान दिसते, कधी दिसतच नाही. जन्मानंतरचा एक्स-रेही साफ येऊ शकतो. सीटी स्कॅन केला की पुष्कळदा ती तिथंच सापडते. त्यात आपली रीत अशी की पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट सासरी कपाटात राहतो. काही महिन्यांनी लेकराला ‘डब्बा’ म्हणजे न्यूमोनिया होतो, इंजेक्शनं होतात, बरं वाटतं. पुन्हा होतो, त्याच बाजूला. कुणी टीबीचं औषधही सुरू करतं. कागद कुणी पाहिलेलाच नसतो!

तो रिपोर्ट माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवा. आशाताई घरी येऊन दुपटं उघडते, मिनिटभर श्वास मोजते, तेव्हा तिच्या हातात द्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील तर लगेच १०८ बोलवा. धुरी नको, आणि मेळघाटात अजून देतात तो डम्मा, म्हणजे पोटावर तापल्या लोखंडाचे चटके, तर मुळीच नको.

राहिलं ‘अधू’. ऑपरेशनमध्ये बहुधा फुप्फुसाचा एक खंड काढतात. उजवीकडे असे तीन असतात, डावीकडे दोन. तान्ह्या वयात उरलेल्या फुप्फुसात नवे वायुकोश तयार होत राहतात. काहीच त्रास नसलेल्या बाळाचं ऑपरेशन करावं की नुसती नजर ठेवावी, यावर डॉक्टरांतच दुमत आहे. ते बालशल्यचिकित्सकानं बाळ पाहून ठरवायचं. त्यासाठी नागपूरचं मेडिकल कॉलेज आहे, एम्स आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, आणि निघताना तो जुना रिपोर्ट पिशवीत टाका.