तिकडचं लग्न इकडं चालत नाही म्हणे!

"ना सप्तपदी झाली ना निकाह, मग लग्न झालंच कुठं?" असं आपल्या कोल्हापुरात चांगली शिकलेली माणसं छातीठोक बोलायलेत. ओळखीतली एक मुलगी मुस्लिम, मुलगा मराठा, दोघंही इथलेच. नोकरीला मेलबर्नला गेले, तिथंच रजिस्टर लग्न केलं, धर्म कुणीच बदलला नाही. आता पटंना झालंय, ती माहेरी आलीय आणि सासरचे म्हणतात घटस्फोट कशाला न् पोटगी कसली, हे लग्न इकडं धरतच नाहीत. गंमत म्हणजे माहेरचे पण तेच म्हणतात, निकाह नाही म्हणजे लग्न नाही, पोरगी मोकळी. एरवी ही दोन घरं एकमेकांच्या दारात उभी राहणार नाहीत, पण या मुद्द्यावर एकदम एकमत!

कसली डोंबलाची मोकळी? उद्या तिचं दुसरं लग्न लावलं तर पहिल्याचा घटस्फोट कुठाय म्हणून केस तिच्यावरच होईल, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे त्याला.

आपल्याकडं 1969 चा फॉरेन मॅरेज अॅक्ट आहे. त्याचं कलम 18 सांगतं की परदेशात झालेल्या लग्नात दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला तरी घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा याला स्पेशल मॅरेज अॅक्टच्या (धर्म न बदलता लग्न करायचा कायदा) तरतुदी लागू, मग ते लग्न आपल्या वकिलातीत झालेलं असो नाहीतर तिकडच्या कायद्यानं. अट एवढीच की त्या लग्नाला दुसऱ्या कुठल्या कायद्यात दाद मिळत नसावी. सप्तपदीचा प्रश्न येतोच कुठं? आणि वकील घाईघाईत हिंदू मॅरेज अॅक्टखाली अर्ज टाकायला लागला तर आधी थांबवा, तो कायदा दोघंही हिंदू असतील तरच. हिंदू-ख्रिश्चन जोडप्याचं त्या कायद्याखालचं लग्न सुप्रीम कोर्टानं 2008 साली बेकायदा ठरवलंय.

कायदा फार भारी आहे असं मात्र मी म्हणत नाही. अर्ज करताना दोघांचं कायमचं घर, म्हणजे डोमिसाइल, भारतात असेल तर ठीक. पण नवरा तिकडंच कायमचा झाला असेल तर बायकोला इथं सलग तीन वर्षं राहून मगच घटस्फोट मागता येतो. तीन वर्षं! पंचविशी-तिशीतल्या पोरीनं नुसतं बसून काढायची, आणि वर गल्लीतल्या बायकांचे प्रश्न झेलायचे ते वेगळंच.

तेवढ्यात नवरा तिकडं घटस्फोट घेऊन मोकळा होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात बारा महिने वेगळं राहिलं की झालं, दोष कुणाचा हे कोर्ट विचारतच नाही. आपल्याकडं पटत नाही, संसार मोडलाय एवढ्या कारणावर फॅमिली कोर्ट घटस्फोट देऊ शकत नाही, तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा. म्हणून बायको तिथं हजरच झाली नाही, संमती दिली नाही, तर तसला हुकूम इथं सहसा टिकत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 1991 च्या नरसिंह राव खटल्यातल्या निकालापासून हेच चाललंय. तेव्हा तिकडून ईमेलवर कागद आला की वैतागून सही करून टाकू नका, आधी वकिलाला दाखवा.

सगळ्यात राग येतो तो हे सगळं शाहू महाराजांच्या गावात घडतंय याचा. 1919 साली या माणसानं करवीर संस्थानात आंतरजातीय लग्नाचा कायदा केला, काडीमोडीचा पण केला. आणि आम्ही 26 जूनला दसरा चौकात हार घालून फोटो टाकणार, घरी येऊन म्हणणार हे लग्नच नव्हे. जरा तरी वाटायला पाहिजे की!

राहिला कागदांचा विषय. लग्न लावणारा माणूस त्या दिवशी हातात देतो ते शोभेचं सर्टिफिकेट इथं पुढं करून भागत नाही, तिथल्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी ऑफिसचं पाहिजे आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का, पाहिजे. दोन्ही देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळं वकिलातीच्या चकरा लागत नाहीत. आणि फॅमिली कोर्टात विरोधात गेलं तर अपिलाला मुंबई गाठायची गरज नाही, 2025 च्या ऑगस्टपासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आहे. त्या पोरीला एवढंच सांगितलंय, दोन्ही घरांचं ऐकू नको, सर्टिफिकेट मागवून घे.