सी विंगमधला समाधानी रहिवासी

आज ऑफिसमधल्या एका ज्युनिअर मुलीने विचारलं, "सर, ग्रुपवर क्लायंटबद्दल फार वाईट लिहिलंय लोकांनी. दुसऱ्या प्रोफाइलवरून दोन चांगल्या कमेंट टाकू का?" मी नको म्हणालो. का नको, ते सांगायची लाज वाटली. इथे सांगतो.

दहा-बारा वर्षं झाली असतील. पुण्यातल्या एका बिल्डरचा पीआर, म्हणजे लोकांत त्याचं नाव सांभाळायचं काम, आमच्या एजन्सीकडे होतं. फ्लॅटधारकांनी फेसबुकवर ग्रुप काढलेला आणि पाण्यावरून, लिफ्टवरून रोज बिल्डरचा उद्धार चाललेला. मी एक खोटं प्रोफाइल उघडलं, सूर्यफुलाचा फोटो लावला आणि लिहिलं, 'आम्ही सी विंगमध्ये राहतो. आम्हाला तरी पाण्याचा काही त्रास नाही.'

पाच मिनिटांत एका काकूंचं उत्तर : 'सी विंगचं पझेशन अजून कुणालाच मिळालेलं नाही. तुम्ही काय सळयांवर गादी टाकून झोपता?'

संध्याकाळपर्यंत तो स्क्रीनशॉट मालकांच्या साडूंच्या मोबाइलवर.

माझ्यापेक्षा मोठमोठे यात सापडलेत. 2006 साली एक जोडपं गाडीने अमेरिका फिरत, वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये मुक्काम करत, तिथल्या खूश कर्मचाऱ्यांबद्दल इंटरनेटवर लिहीत होतं. खर्च वॉलमार्टच्या पैशावर चालणाऱ्या संघटनेचा, आणि संघटनेमागे एडलमन ही पीआर कंपनी. रिचर्ड एडलमनना जाहीर माफी मागावी लागली. 2011 मध्ये लंडनच्या बेल पॉटिंजर या पीआर कंपनीचे लोक टोपणनावांनी क्लायंटची विकिपीडियावरची पानं 'स्वच्छ' करताना पकडले गेले. शेवटी 2014 मध्ये अकरा पीआर एजन्सींनी आम्ही विकिपीडियाचे नियम पाळू असं लिहून दिलं. शपथ घ्यावी लागणं हीच केवढी मोठी कबुली!

गंमत म्हणजे ही शपथ आमच्या धंद्याने 1906 मध्येच घेतली होती. आयव्ही ली या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पीआरवाल्याने वर्तमानपत्रांना कळवलं होतं की आमचं काम लपूनछपून नाही, सगळं उघड्यावर चालतं. (हाच ली पुढे रॉकफेलर या धनाढ्य उद्योगपतींची बाजू मांडता मांडता 'पॉयझन आयव्ही', म्हणजे अंगाला खाज आणणारी विषारी वेल, झाला, ते सोडा.)

माझं मत विचाराल तर ग्रुपवर जायचं ते स्वतःच्या नावाने, आणि पगार कोण देतं ते सांगून. त्या बिल्डरच्या साइट इंजिनिअरने पुढे तेच केलं, तेही आम्हाला न विचारता. 'टँकर आज आला नाही, सांगायचं राहिलं, चूक माझी. उद्या सकाळी सातला येतोय.' शिव्या थांबल्या नाहीत. पण 'हे चोर'चं 'अहो साहेब' झालं. काकूंनी तर टँकर आल्याचा फोटोही टाकला. आमच्या अख्ख्या रिटेनरमध्ये, म्हणजे ठरलेल्या फीच्या करारात, एवढं काम झालं नव्हतं.

आणि ते 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया इनबॉक्स करा' आता बंद करा. फोन नंबर, बिल नंबर इनबॉक्समध्ये घ्या, बरोबर आहे. पण चव्हाट्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माजघरात नेऊन दिलं, तर बाकीच्या दोनशे जणांना एवढंच दिसतं की यांनी माणसाला कोपऱ्यात घेतलं.

हे आम्हाला कळत नाही असं नाही. उत्तराचा ड्राफ्ट आमच्याकडून ब्रँड मॅनेजरकडे जातो, तिथून मार्केटिंग हेडकडे, मग लीगलकडे. प्रत्येक जण एकेक शब्द काढतो. परत येतं ते 'दिलगीर आहोत'.

तर त्या मुलीने विचारलं, "मग लिहू काय?" म्हटलं, तुझं नाव, एजन्सीचं नाव, कोणासाठी काम करतेस, आणि आत्ता जेवढं माहीत आहे तेवढं. तिने चार ओळी लिहिल्या. छान होत्या, मी एक कानामात्राही बदलला नाही.

दुपारी तीनला लीगलकडे गेल्यात. आता रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तिकडे कमेंट 140 वर गेल्या.