बोअरची गाडी रात्रीच का येते?

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: पाणलोट आणि जमिनीचं नियोजन हे तज्ज्ञांचं काम आहे, ग्रामपंचायतीला त्यात घेतलं की राजकारण शिरतं, पाणलोट काही गावाची शीव मानत नाही, नकाशा सरपंचाला कळत नाही, तेव्हा निधी द्या, पोकलेन द्या, गावं आपोआप पाणीदार होतील.

यातलं एक वाक्य अगदी खरं आहे, ते आधी मान्य करून टाकतो. पाणलोट शीव मानत नाही. वरच्या गावाने डोंगर बोडका ठेवला तर गाळ खालच्या गावाच्या बंधाऱ्यात येऊन बसतो. वरच्याने सगळे ओघळ अडवले तर खालचा ओढा दिवाळीआधीच आटतो. एकट्या ग्रामपंचायतीचं हे काम नाही. पण मग पाणलोट तालुक्याची तरी शीव कुठे मानतो, आणि जिल्ह्याची? या न्यायाने जिल्हाधिकारीही बादच व्हायला हवेत. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमात (अमलात आला २०१४मध्ये) पाणलोटाच्या पातळीवर समितीची तरतूद आहे. गावांना एकत्र बसवायची सोय आहे, ती वापरायची सोडून गावंच वगळा, हे तर्कट मला कळत नाही.

आता पोकलेन. हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून इथे जरा थांबू.

डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं, २०१९पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचं म्हणून. २०२०मध्ये विधिमंडळात आलेल्या कॅगच्या अहवालाने सांगितलं की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम जेमतेमच राहिला. काही गावांना फायदा झाला, ते नाकारायचं कारण नाही. पण बाकीच्यांचं काय चुकलं? एक कारण पायाखाली आहे. राज्याच्या ८० टक्क्यांहून जास्त भागाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला नाले खोल करून पाणी मुरलं, कारण तिथे बऱ्याच भागात तापीचा गाळाचा थर आहे. तोच नमुना बेसाल्टात उतरवला की नाल्याचा हौद होतो आणि पाणी उन्हाने उडून जातं. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), उतारावर गवत आणि झाडं, मग पायथ्याला बंधारे हा क्रम कंटाळवाणा आहे. त्याचे फोटोही बरे येत नाहीत. म्हणून माथा राहतो आणि नाला आधी खणला जातो.

दुसरं कारण जास्त मोठं. मुरलेलं पाणी उपसणार कोण, किती आणि कोणत्या पिकाला? बंधारा भरला त्या वर्षी शिवारात चार नवे बोअर पडले आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, तर बंधाऱ्याने टंचाई फक्त एक वर्ष पुढे ढकलली. याचं उत्तर कुठल्याच यंत्राकडे नसतं.

हिवरे बाजारचं नाव फॉरवर्डमध्ये बंधाऱ्यांसाठी घेतलं जातं. नगर तालुक्यातलं हे गाव, पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. चर आणि बांध तिथे झालेच, पण तसे शेकडो गावांत झाले. वेगळं ठरलं ते ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, बाहेरच्याला जमीन विकायची नाही. दरवर्षी पावसाचा आकडा घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. असा नियम मंत्रालयातून काढता येतो, पण पाळून घेता येत नाही. ‘तुझा ऊस मोडायला लागेल’ हे भावकीतल्या माणसाला तोंडावर सांगायला गावातलंच कोणीतरी लागतं.

राजकारण शिरतं म्हणता? शिरणारच. माझ्या रानाला पाणी की तुझ्या, याला दुसरं नाव काय आहे? खात्यामार्फत ठेकेदाराला दिलेल्या कामातही राजकारण असतंच, फक्त ते आपल्याला ऐकू येत नाही. ग्रामसभेत निदान आरडाओरडा होतो.

नकाशा कळत नाही या मुद्द्याला गोव्याचं उदाहरण पुरे. लोकांच्या रेट्यामुळे जानेवारी २००७मध्ये तिथला २०११पर्यंतचा प्रादेशिक आराखडा सरकारला रद्द करावा लागला. पुढे २०२१पर्यंतच्या आराखड्याचे गावनिहाय नकाशे पंचायतींकडे हरकती-सूचनांसाठी गेले. कुठे शेत आहे, कुठे झरा आणि कुठे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), हे त्या कागदावर गावाइतकं नेमकं कोण तपासणार होतं?

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. ७३व्या घटनादुरुस्तीने घटनेत आलेल्या अकराव्या परिशिष्टात, म्हणजे पंचायतींच्या विषयांच्या यादीत, लघुसिंचन, जल व्यवस्थापन आणि पाणलोट विकास हा तिसराच विषय आहे. पण जमीन वापराचं नियमन त्यात नाही. ते बाराव्या परिशिष्टात, म्हणजे नगरपालिकांच्या वाट्याला. खेड्याला पाणी सांभाळायला सांगितलं आणि ज्या जमिनीवर ते पडतं तिचा निर्णय वर ठेवला. शहरांकडे तो अधिकार असूनही ओढे बुजले, हेही खरं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने ते दाखवलं. अधिकारासोबत उघडा हिशोब हवा, हा धडा मी त्यातून घेतो. अधिकार काढून घ्या, हा नाही.

राहिला कायदा. भूजल अधिनियमात विहिरीच्या खोलीला ६० मीटरची मर्यादा आहे, सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ नवी विहीर खोदण्यावर निर्बंध आहेत. बोअरची गाडी तरीही येते, आणि बहुधा रात्रीच. तहसीलला अर्ज पोहोचेपर्यंत केसिंग टाकून ती पुढच्या गावाला गेलेली असते. गाडीचा आवाज पहिला ऐकतो तो शेजारचा माणूस. त्याने सरपंचाला उठवावं, तर सरपंचाच्या हातात गाडी अडवायचा कागद नाही.