चर्चेत तास वाया जातो? आधी प्रश्न कसा टाकता ते पाहा

शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो: मुलांना चर्चेला बसवणं म्हणजे शिक्षकाने हात झटकणं, तास वाया जातो, चार हुशार मुलंच बोलतात आणि बाकीची एकमेकांच्या चुका उचलतात.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करू, कारण तोच खरा वजनदार आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं गेलं (२००९). आधी एकट्याने उत्तर, मग चर्चा, मग त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्याने. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेही नव्या प्रश्नाची उत्तरं सुधारली. कारण सांगावं लागलं की तर्कातली फट दिसते.

पण दुसरा प्रश्न विचारपूर्वक निवडावा लागतो. ०.३५ मोठा की ०.८? ‘३५ मोठे, म्हणून ०.३५’ ही नेहमीची चूक. चर्चेनंतर मूल ०.८ म्हणेल, पण कदाचित ‘दशांशानंतर कमी अंक, तो मोठा’ असा नवाच चुकीचा नियम धरून. म्हणून लगेच ०.४ आणि ०.६५ द्या. नवा नियम धरणारा इथे ०.४ म्हणतो आणि सापडतो. आता असा प्रश्न शोधणं म्हणजे हात झटकणं असेल, तर बोलणंच खुंटलं.

चार मुलंच बोलतात? ‘कोण सांगेल?’ विचारलं तर बोलणारच. आधी मिनिटभर प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं. मग पुढच्या बाकाने मागे वळून चौघांत बोलायचं. शेवटी नाव शिक्षकाने घ्यायचं, आणि त्या मुलाने स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं म्हणणं सांगायचं.

वेळेचं म्हणाल तर लिहायला १, बोलायला ३, ऐकायला ३ मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासात एवढं बसतं. शिवाय प्रत्येक प्रश्नावर चर्चा नकोच. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांच्या पद्धतीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चा होते. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवायचं, जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. सनावळ्या, व्याख्या, चिन्हं सरळ सांगून टाकावीत.

एक पथ्य मात्र पाळा: कोणत्या उत्तराला किती हात, हे चर्चेआधी फळ्यावर लिहू नका. मुलं तर्क सोडून बहुमताकडे सरकतात.