‘ज्याने सोसले नाही त्याने क्षमा शिकवू नये’ या प्रतिक्रियेला उत्तर

क्षमेविषयीच्या माझ्या मागील लेखावर एका वाचकांनी प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ख्रिस्ती धर्मातील क्षमा ही अन्याय करणाऱ्याची सोय आहे, ख्रिस्ताशेजारी टांगलेल्या अपराध्याप्रमाणे खुन्याने शेवटच्या घटकेला ‘चुकलो’ म्हटले की त्याला स्वर्ग मिळतो आणि ज्याचे घर उजाडले त्याने गप्प बसायचे, तर देव न्यायी आहे या म्हणण्याला अर्थ काय उरतो, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालय, चालू होते तेव्हा ही क्षमा कोठे होती, आणि अखेरीस, ‘ज्याने आयुष्यात काही सोसले नाही त्याने इतरांना क्षमेचे डोस पाजू नयेत.’

प्रथम एक चूक मान्य करतो. सिस्टर राणी मारिया या ख्रिस्ती जोगिणीच्या हत्येचे वर्ष मी १९९६ असे लिहिले होते; ते १९९५ असे हवे. ही चूक आपण दाखवून दिलीत, त्याबद्दल आभार. गोव्याच्या इन्क्विझिशनचा प्रश्न मोठा आहे, परंतु माझा लेख एका माणसाने दुसऱ्याला क्षमा करण्याविषयी होता, चर्चच्या इतिहासाविषयी नव्हता. त्यामुळे तो येथे बाजूला ठेवतो.

आपल्या शेवटच्या वाक्याविषयी मात्र बोलणे भाग आहे. मतभेद असावेत, त्याचे मला वावडे नाही. परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याने काय सोसले आणि काय नाही याचा निवाडा आपण कोणत्या आधारावर दिलात? मुद्दा खोडता येत नाही तेव्हा माणसाला खोडायचे, ही पद्धत चर्चेची नव्हे.

आपण विषय काढलाच आहे तर सांगतो. माझे वडील नगर जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा अंगठा कोऱ्या कागदावर घेऊन वडिलांच्या चुलतभावाने आमची दीड एकर जमीन फेरफार करून आपल्या नावे लावून घेतली. सातबारा हाती आला तेव्हा आजी तीन दिवस जेवली नाही. वडिलांनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला आणि तो एकोणीस वर्षे चालला. त्यांतील पहिली सहा वर्षे वडील दर महिन्याच्या प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी घेण्याच्या चर्चमधील विधीला, बाकावर बसत, परंतु भाकरीचे ताट समोर आले की ते न घेता शेजाऱ्याकडे सरकवीत. मी लहान होतो. ताट पुढे जाताना त्यांचा अंगठा त्याच्या कडेवर क्षणभर रेंगाळत असे, एवढे मला स्पष्ट आठवते. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी समेट कर, हे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील वचन त्यांनी आपल्यालाही लागू करून घेतले होते. अपराध समोरच्याचा असला तरी मनातला राग आपला आहे, असे ते म्हणत.

सातव्या वर्षी, तारखेच्या दिवशी, ते एसटी स्टँडवर त्या चुलतभावाशेजारी जाऊन बसले आणि आपल्या फडक्यातील अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली. त्यानंतर पुढची बारा वर्षे ते दोघे एकाच एसटीने कोर्टात जात, एकमेकांविरुद्ध उभे राहत आणि एकाच एसटीने परत येत. दावा वडिलांनी मागे घेतला नाही. कोणी विचारले तर ते म्हणत, ‘मी त्याचे वाईट चिंतायचे सोडले आहे, आईचे शेत सोडलेले नाही.’ आता आपणच सांगा, या माणसाच्या मुलाने क्षमेविषयी लिहावे की लिहू नये?

हे सांगण्याचे कारण केवळ माझा सल नव्हे. क्षमा आणि न्याय ही दोन टोके आहेत, एक धरले की दुसरे सुटते, असे आपण गृहीत धरले आहे आणि आपली सगळी प्रतिक्रिया त्याच गृहीतकावर उभी आहे. शास्त्रात तसे नाही. प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की सूड तुम्ही उगवू नका, कारण फेड करणे हे प्रभूचे काम आहे. अन्याय झालाच नाही, असे तो म्हणत नाही. अन्याय झाला आहे, त्याचा हिशेब होणार आहे, आणि म्हणूनच तो तुझ्या हातून होण्याची गरज नाही, असे तो म्हणतो. देव न्याय करणारच नसेल तर सूड सोडणे हा खरोखरच वेडेपणा ठरेल. देवाचा न्याय हा माझ्या क्षमेच्या आड येत नाही. त्याच्याच आधारावर मला क्षमा करता येते.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना आम्ही ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असे म्हणतो. ऋण हा शब्द नीट पाहावा. ज्याने कधी उसने दिलेले पैसे सोडून दिले आहेत त्याला ठाऊक असते की सोडलेले ऋण हवेत विरत नाही, ते सोडणाऱ्याच्या खिशातून जाते. येशूने सांगितलेल्या निर्दय चाकराच्या दाखल्यात राजा आपल्या चाकराचे दहा हजार तालांतांचे ऋण सोडतो, म्हणजे त्या काळच्या मजुराची सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि तोच चाकर शंभर दिवसांच्या मजुरीसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. राजाचे ते नुकसान खरे आहे. वधस्तंभाचा अर्थ आम्ही हाच घेतो, की ते नुकसान देवाने स्वतःवर घेतले. याला ‘सोय’ म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबायला हवे होते.

शेवटच्या घटकेच्या खुन्याविषयी. ख्रिस्ताशेजारी टांगलेल्या ज्या अपराध्याचा आपण उपहास केला आहे, त्याचे शब्द लूकच्या तेविसाव्या अध्यायात आहेत: आपली शिक्षा यथान्याय आहे, आपण आपल्या कृत्यांचे फळ भोगत आहोत. त्याला सुखलोकाचे वचन मिळाले, परंतु वधस्तंभावरून कोणी त्याला उतरवले नाही. ख्रिस्ताला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. ‘चुकलो’ या एका शब्दावर सारे मिटते, असे मी लिहिले नव्हते. आपण लेख शेवटपर्यंत वाचला असता तर ही तक्रार उरली नसती.

आपल्याच देशातील दोन घटना पुन्हा समोर ठेवतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत झोपेत असताना जाळण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्यानंतर बारीपदा येथे कुष्ठरुग्णांमध्ये त्या आणखी काही वर्षे राहिल्या. खटला चालायचा तसा चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमेने कोर्टाचे दार बंद झाले नाही. दुसरी घटना राणी मारिया यांची. मध्य प्रदेशात बसमधून प्रवास करताना त्यांना भोसकण्यात आले. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याच मारेकऱ्याला राखी बांधली. तो माणूस २००६ मध्ये सुटला, म्हणजे अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढलीच. या दोघींनी काही सोसले नाही, असे आपण म्हणणार आहात काय?

माझ्या वडिलांच्या दाव्याचा निकाल ते गेल्यानंतर आठ महिन्यांनी आमच्या बाजूने लागला. त्यांच्या दफनाच्या वेळी तो चुलतभाऊ आला होता. पेटीवर माती टाकायला तो सर्वांत शेवटी पुढे आला आणि मूठ उघडायला त्याला बराच वेळ लागला. निकालाचा कागद मी पुढे स्वतः त्याच्या घरी नेऊन दिला. त्याने तो वाचला, चहा ठेवायला सांगितले, आणि पुढील पाडव्याच्या आधी जमीन मोकळी करून दिली.

लेखातील वर्ष आज दुरुस्त केले आहे. बाकी मजकुरात एकही शब्द बदललेला नाही.