‘हाड मेलंय, तर कापून का काढत नाहीत?’: फोंड्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग समजतो. सासूबाई ८४ वर्षांच्या, हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, खाली कवळी, आणि जिभेच्या बाजूने बोराच्या बीएवढं हाड गेले दोन-अडीच महिने उघडं. दुखत नाही, पू नाही. अशा औषधांनी क्वचित जबड्याचं हाड मरून उघडं पडतं, इथे तेच झालेलं दिसतं. ‘मेलेलं हाड तोंडात ठेवून गुळण्या करायला सांगणं ही शुद्ध चालढकल आहे,’ असं तुम्ही लिहिता. आणि जाता जाता लिहिता की इंजेक्शन घरीच बंद केलं. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण खरी घाई तिथे आहे.

डेनोसुमॅबचा असर सहा महिन्यांत ओसरतो आणि मग हाडांची झीज उलट्या जोराने सुरू होते. अशा वेळी पाठीचे मणके एकापाठोपाठ एक खचू शकतात, तेही न पडता. म्हणून शेवटच्या इंजेक्शनपासून सात महिने उलटू देऊ नका. पुढचा डोस द्यायचा, थोडा लांबवायचा की दुसऱ्या औषधावर जायचं, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांनी आणि जबड्याच्या सर्जननी मिळून ठरवायचं असतं. डोसाआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) बघून घ्या. मूत्रपिंड अधू असेल तर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. हाडांच्या ठिसूळपणाचीच दुसरी औषधं, अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड, यांचं वेगळं. ती हाडात वर्षानुवर्षं राहतात, आज बंद केल्याने उद्या जबड्याला काही फरक पडत नाही.

आता हाडाबद्दल. धडधाकट माणसात लवकर शस्त्रक्रिया करणं योग्य ठरतं, तुमचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. २०२२च्या अमेरिकन तोंड-जबडा सर्जन संघटनेच्या भूमिकेतही शस्त्रक्रियेला सगळ्या टप्प्यांवर जागा आहे. पण ती नीट करायची तर मेलेलं हाड ताजं रक्त दिसेपर्यंत काढावं लागतं, कडा गोल कराव्या लागतात आणि हिरडी ताण न देता पूर्ण मिटवावी लागते. वरवर खरवडलं तर जखम परत उघडते आणि भोक आधीपेक्षा मोठं होतं. ८४व्या वर्षी पूर्ण भूल, मग येणारा भ्रम, छातीतला कफ, आठवडाभर तुटलेलं जेवण, हे सगळं एका न दुखणाऱ्या हाडासाठी पत्करायचं का? इथे वय निर्णायक नाही. सासूबाई घरात आपल्या आपण फिरतात का, सहा महिन्यांत वजन उतरलं का, हे बघून ठरवायचं. नाजूक प्रकृतीत उद्दिष्ट हाड झाकणं हे नसतं. पू नको, दुखणं नको, जेवण चालू राहावं, एवढंच असतं.

आणि त्यासाठी रोजचं काम असतं. गुळणी म्हणजे क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पेस्टने दात घासल्यावर अर्धा तास सोडून, नाहीतर असर कमी होतो. आग होत असेल तर तेवढंच पाणी मिसळा. गुळणी जमत नसेल, तर ताठ बसवून मान किंचित पुढे झुकवा आणि त्याच औषधात भिजवून नीट पिळलेल्या गॉजने पुसा. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पिचकारी मारू नका, पाणी फुप्फुसात जातं. उघड्या हाडावर अन्न चिकटतं, ते मऊ ब्रशने हलकेच काढा.

खरा गुन्हेगार बहुधा कवळी आहे. खालच्या जबड्यात आतून हाडाची एक धार असते, तिच्यावरची त्वचा अगदी पातळ, आणि कवळीची कड नेमकी तिथे घासते. काही आठवडे कवळी पूर्ण बंद ठेवा, मग दंतवैद्यांकडून तिथली कड कापून घ्या. रात्री कधीच घालू नका. हाडाची टोकं जिभेला लागत असतील, तर हिरडी न उचलता ती फाइलने गुळगुळीत करता येतात. मेलेल्या हाडाला संवेदना नसते. तोवर उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, काटे काढून कुस्करलेलं निस्तं. प्रथिनं कमी पडली तर हिरडी भरत नाही.

अँटिबायोटिक फक्त पू, सूज किंवा दुखणं असेल तर, ठरावीक दिवसांपुरतं. महिनोन्‌महिने दिलं की म्हातारपणी जुलाबच आधी गाठतात. वॉर्फरिन चालू असेल तर मेट्रोनिडाझोलने रक्तस्राव वाढतो, हे लिहून देणाऱ्याला आठवणीने सांगा.

बऱ्याचदा काही महिन्यांनी मेलेला तुकडा आपसूक सुटा होतो आणि चिमट्याने हलवला की हलतो. मग तो जागेवरच्या भुलीत काही मिनिटांत निघतो. हाताने ओढू नका.

मात्र पू थांबत नसेल, हनुवटीखाली भोक पडलं, जबडा चावताना कटकन वाजला, वरच्या जबड्यातून नाकात पू उतरला, तर थांबणं चूक. ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, आणि पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा. अशा वेळी फोंड्यात दवाखाने पालथे घालण्यापेक्षा सरळ बांबोळी गाठा; दंत महाविद्यालय आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) तिथेच आहेत, त्यामुळे जबड्याचे सर्जन आणि फिजिशियन यांचं मत लगोलग घेता येतं. जाताना शेवटच्या इंजेक्शनची तारीख, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुना एक्स-रे आणि ती कवळी घेऊन जा.